सालेकसा परिसरातील नाट्य व विनोदविषयक अभिरुची आणि दूरचित्रवाणी मालिका : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील आवडत्या मालिका हा विषय सामान्यतः फावल्या वेळच्या गप्पांचा मानला जातो. एकाच घरात एकाला अश्रूंनी भिजलेली कौटुंबिक मालिका रुचते, दुसऱ्याला विनोदी प्रहसने आवडतात, तर तिसरा या दोहोंना नाके मुरडून गुन्हेतपासाची मालिका लावतो. या आवडीनिवडी व्यक्तिगत स्वभावाचा भाग म्हणून सोडून दिल्या जातात. पिअर बोर्दिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अभिरुचीचे मूळ वर्ग, शिक्षण व संस्कार यांत शोधले. त्याची मांडणी फ्रेंच समाजापुरती बहुतांशी पटण्याजोगी आहे. परंतु गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यासारख्या सीमावर्ती प्रदेशाचा विचार करताना वर्गाच्या जोडीला आणखी काही घटक लक्षात घेणे क्रमप्राप्त ठरते. प्रक्षेपणाचा मनोरा कोठे उभा राहिला, त्यावरून कोणती भाषा आली आणि ती येण्यापूर्वी त्या मातीत कोणती नाट्यपरंपरा रुजलेली होती, हे ते घटक होत.

सालेकसा हे हावडा-मुंबई लोहमार्गावरील गाव. गोंदियाहून पूर्वेस निघालेली गाडी आमगाव, सालेकसा, दरेकसा अशी स्थानके घेत डोंगर ओलांडते आणि छत्तीसगडमधील डोंगरगडला पोचते. उत्तरेकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा लागून आहे. १९५६ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा हा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. नंतर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी नव्याने निर्माण झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आला. झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी आणि हिंदी या भाषा येथील बाजारात एकाच दिवशी कानी पडतात. कचारगडच्या गुहांजवळ माघ पौर्णिमेस भरणाऱ्या गोंड समाजाच्या यात्रेला तर अनेक राज्यांतील भाविक येतात.

मराठी दूरचित्रवाणीचा इतिहास आजवर प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला समोर ठेवून लिहिला गेला. 'गजरा' आणि 'चिमणराव' यांपासून त्याचा आरंभ होतो आणि खाजगी वाहिन्यांपाशी तो स्थिरावतो. सालेकसा परिसराला हा आराखडा लागू पडत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पद्मपूरचा नाटककार

नाट्यरुचीतील मतभेद या परिसराला नवे नाहीत. संस्कृत नाटककार भवभूती याने आपले मूळ स्थान विदर्भातील पद्मपूर असल्याचे सांगितले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळील पदमपूर होय, असे प्रतिपादन केले. त्यासाठी त्यांनी दुर्ग येथे सापडलेल्या वाकाटक ताम्रपटातील पद्मपुराच्या उल्लेखाचाही आधार घेतला. सर्वच अभ्यासकांना हे स्थाननिश्चितीकरण मान्य नसले तरी या भागाने ते मनापासून स्वीकारले असून आमगावातील महाविद्यालयही भवभूतीचे नाव धारण करते. आमगाव हा सालेकशाचा शेजारचा तालुका आहे.

इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील या नाटककाराच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. कालिदासाचा दुष्यंत विदूषकाशी बोलून मन हलके करतो. भवभूतीचा राम मात्र आपले दुःख एकट्याने वाहतो. 'उत्तररामचरिता'त तर करुण हाच एकमेव मूळ रस असून अन्य रस त्याचीच रूपे होत, असा विचार मांडलेला आहे. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त हास्याचा उगम शृंगारात आणि करुणाचा उगम रौद्रात सांगितला आहे. भवभूतीने हा हिशेबच बदलला. त्याच्या काळच्या सर्व रसिकांना ते मानवले नसावे. कारण 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत त्याने आपली अवहेलना करणाऱ्यांना उत्तर दिले आहे. काळ अनंत आहे, पृथ्वी विशाल आहे, तेव्हा आपल्यासारखा रसिक कधीतरी, कोठेतरी जन्माला येईलच, असा त्याचा आशय आहे. प्रेक्षकांच्या अभिरुचीविषयी नाटककाराने नोंदविलेली ही तक्रार आजच्या कोणत्याही मालिकालेखकास आपलीच वाटावी. ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेनिमित्त सादर झाल्याचे त्यांच्या प्रस्तावनांवरून कळते, ही बाबही येथे महत्त्वाची आहे. संस्कृत नाटक म्हटले की राजसभेचे चित्र डोळ्यांपुढे येते. येथे मात्र प्रेक्षक जत्रेचा आहे.

दंडार, खडी गंमत आणि नाचा

भवभूतीने विदूषक गाळला, तरी त्याच्या तथाकथित जन्मभूमीतील लोकांनी त्याला कधीच सोडले नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यातील जिल्ह्यांना झाडीपट्टी म्हटले जाते. येथील दंडार, खडी गंमत, डाहाका इत्यादी लोककलांचा आणि झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर केला. दंडारीत नृत्य, गायन आणि सोंगे एकत्र येतात व स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात. खडी गंमत ही नावाप्रमाणे उभ्याने सादर होणारी कला. ढोलकीच्या साथीने शाहीर, नाच्या आणि विनोदी पात्र यांचा सवाल-जवाब तीत रंगतो. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. त्या दिवशी लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घरे भरलेली असतात आणि रात्री दंडार किंवा नाटक ठरलेले असते. मंडईस गेलेल्या पाहुण्याला रात्रीचा कार्यक्रम न पाहता परत जाऊ देणे हे यजमानास कमीपणाचे वाटे.

त्यातूनच विसाव्या शतकात झाडीपट्टी रंगभूमी नावाने ओळखली जाणारी व्यावसायिक नाट्यपरंपरा विकसित झाली. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज म्हणजेच वडसा हे तिचे केंद्र आहे. दिवाळी ते होळी हा तिचा हंगाम असतो. धानाची कापणी झाली, शेत मोकळे झाले की कनाती उभ्या राहतात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. तालमींना वेळ थोडा असल्याने प्रॉम्प्टरवर मोठी भिस्त असते. या नाटकांचा घाट विशेष लक्षणीय आहे. मुख्य कथानक कौटुंबिक व करुण असते. दुभंगलेले घर, फसविलेली मुलगी, कर्जात बुडालेला शेतकरी हे त्याचे विषय होत. परंतु दर दोन गंभीर प्रवेशांमध्ये विनोदी पात्रांचा प्रवेश येतो, मध्येच लावणी होते, आणि मग पुन्हा डोळ्यांना पदर लागतो. हसणे आणि रडणे यांसाठी वेगवेगळी तिकिटे काढण्याची येथील प्रेक्षकाला सवय नाही. शहरी समीक्षकांनी या मिश्रणास भडक ठरविले. तथापि रात्रभर थंडीत बसणाऱ्या, वयाने व शिक्षणाने अत्यंत भिन्न अशा प्रेक्षकसमूहाला एकत्र धरून ठेवण्याची ती रीत आहे, याचा विचार या टीकेत फारसा झालेला दिसत नाही.

झाडीपट्टीच्या व्यावसायिक रंगभूमीचे बळ दक्षिणेकडे, वैनगंगेच्या खोऱ्यात अधिक आहे. सालेकसा तिच्या उत्तर-पूर्व कडेला येते, आणि डोंगरापलीकडे लगेच नाचाचा प्रदेश सुरू होतो. नाचा हे छत्तीसगडचे लोकनाट्य होय. राजनांदगावजवळील रवेली येथील दाऊ दुलारसिंह मंदराजी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला संघटित रूप दिले. नाचात 'जोक्कड' म्हणजे विदूषक आणि 'परी' म्हणजे स्त्रीवेशातील पुरुष ही दोन पात्रे अपरिहार्य असतात. जोक्कड गावातील सावकारापासून सरकारी अधिकाऱ्यापर्यंत सर्वांची टर उडवितो, आणि त्याचा अभिनय बराचसा तात्काळिक असतो. रायपूरच्या हबीब तन्वीर यांनी १९५८ मध्ये नाचाचे सहा कलावंत दिल्लीला नेऊन शूद्रकाचे 'मृच्छकटिक' 'मिट्टी की गाडी' या नावाने उभे केले. १९७५ मध्ये 'चरनदास चोर' आले आणि १९८२ मध्ये त्यास एडिंबरो येथील महोत्सवात पुरस्कार मिळाला. संस्कृत नाटकातील विदूषकाची नस विद्यापीठीय नटांपेक्षा नाचाच्या जोक्कडांना अधिक सहज सापडली, हा तन्वीर यांच्या प्रयोगाचा एक अर्थ आहे. तो सालेकसा परिसरात कोणाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

उपग्रह रायपूरला, मनोरा मुंबईला

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', विनोदी नाटुकल्यांचा 'गजरा', आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारित 'चिमणराव' मालिका या कार्यक्रमांनी एक मराठी प्रेक्षकवर्ग घडविला. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ यांनी मराठी मध्यमवर्गीय विनोदाला चेहरा दिला. हा विनोद सौम्य, शब्दनिष्ठ आणि स्वतःच्या फजितीवर हसणारा होता. त्याची भाषा पुण्यातील सुशिक्षित घराची होती.

त्याच दशकात सालेकशाच्या पूर्वेस एक निराळाच प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामूहिक दूरचित्रवाणी संच चालविण्यात आले. 'साइट' या संक्षिप्त नावाने हा प्रयोग ओळखला जातो. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही ती राज्ये होती. मध्य प्रदेशातील खेडी रायपूर परिसरातील होती. महाराष्ट्र या प्रयोगात नव्हता. याचा अर्थ असा की डोंगराच्या एका बाजूच्या खेड्यांत शाळेच्या किंवा पंचायतीच्या अंगणात लोक उपग्रहावरून आलेली चित्रे पाहत असताना दुसऱ्या बाजूचे खेडे प्रगत राज्यात असूनही अंधारात होते. मुंबईच्या मनोऱ्याची मर्यादा काही शेकडा किलोमीटरांचीही नव्हती, आणि सालेकसा मुंबईपासून सुमारे हजार किलोमीटर अंतरावर आहे.

'साइट'च्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यात अहमदाबादच्या अंतराळ केंद्राने जिल्ह्यापुरते प्रक्षेपण सुरू केले. त्यात स्थानिक बोली, स्थानिक कलावंत आणि गावातील प्रश्नांवरील नाट्यरूप कार्यक्रम यांना स्थान होते. १९८४ मध्ये युनेस्कोने या कार्याचा गौरव केला. दंडार आणि खडी गंमत यांना असा जिल्हा मनोरा लाभला असता तर काय घडले असते, हा प्रश्न इतिहासलेखनात बसत नाही. तथापि प्रसारणाचे केंद्रीकरण हे तंत्राचे अपरिहार्य फळ होते, असे मानणाऱ्यांनी खेड्याचे उदाहरण विसरू नये.

१९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे विणले गेले. हे प्रक्षेपक उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवीत. मुंबईचे मराठी कार्यक्रम राज्याच्या पूर्व टोकापर्यंत पोचण्यास आणखी काळ जावा लागला. परिणामी पूर्व विदर्भातील ग्रामीण प्रेक्षकाचा दूरचित्रवाणीशी पहिला परिचय मुख्यतः हिंदीतून झाला. पुण्यातील प्राध्यापक चिमणरावाची आठवण काढतो, तेव्हा सालेकशातील त्याच वयाच्या व्यक्तीला 'हम लोग' किंवा 'रामायण' आठवते. येथे प्रश्न स्मृतीचा आहेच, पण त्याहून अधिक तो 'मराठी प्रेक्षक' या संज्ञेत कोणाची गणना झाली याचा आहे.

रविवारची सकाळ

'हम लोग' ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली व १९८५ च्या डिसेंबरात संपली. मनोहर श्याम जोशी यांचे लेखन आणि शेवटी अशोक कुमार यांचे निरूपण असलेल्या या मालिकेची प्रेरणा मेक्सिकोतील समाजप्रबोधनपर मालिकांची होती. त्याच वर्षी 'ये जो है जिंदगी' ही विनोदी मालिकाही आली. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी हे कायमचे कुटुंब आणि प्रत्येक भागात नव्या सोंगात येणारे सतीश शाह, अशी तिची रचना होती. येथे एक महत्त्वाचा बदल घडला. नाट्य एका मालिकेत आणि विनोद दुसऱ्या मालिकेत, दोघांचे वार वेगळे, प्रायोजक वेगळे. झाडीपट्टीच्या नाटकात एका रात्रीत गुंफलेले दोन धागे दूरचित्रवाणीने उसवून वेगवेगळ्या रिळांवर गुंडाळले. आवड निवडण्याची सोय झाली. निवडावे लागण्याची सक्तीही त्याबरोबर आली.

२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रामानंद सागर यांचे 'रामायण', आणि २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' दर रविवारी सकाळी प्रक्षेपित झाले. अरविंद राजगोपाल यांनी २००१ मधील ग्रंथात 'रामायणा'च्या राजकीय परिणामांची चिकित्सा केली आहे, तर पूर्णिमा मानकेकर यांनी १९९९ मध्ये दिल्लीतील स्त्रिया या मालिका कशा पाहत याचा अभ्यास मांडला आहे. दोन्ही अभ्यास मोलाचे आहेत. सीमाभागातील प्रेक्षकाबाबत मात्र आणखी एक मुद्दा उपस्थित होतो. डोंगरापलीकडील छत्तीसगडला महाभारत ठाऊक होते ते पंडवानीतून. तीजनबाई हातातील तंबुऱ्याची कधी गदा, कधी धनुष्य करीत भीमाची कथा सांगतात, तेव्हा शेजारी बसलेला 'रागी' हुंकार देतो, शंका काढतो, मध्येच हसवितो. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या १९८८ मधील मालिकेत त्यांची पंडवानी राष्ट्रीय पडद्यावरही आली. रागी हा प्रेक्षकांचा प्रतिनिधी असतो. चोप्रा यांच्या महाभारतात 'समय' बोलतो, परंतु त्याला कोणी शंका विचारत नाही. भक्तिभावाने संचाला हार घालणाऱ्या प्रेक्षकाने रागीची जागा आपोआप रिकामी केली.

या काळात संच मोजक्या घरांत होते. ज्याच्या घरी संच, त्याच्या अंगणात गाव जमे. ओसरीवर वडीलधारी, खाली पोरे, दाराआड सुना अशी बैठक असे. त्यामुळे अभिरुचीचे मतभेद फारसे उमटत नसत, कारण वाहिनी एकच होती आणि बटण मालकाच्या हाती होते.

वाहिन्या, छत्री आणि रिमोट

ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाली. अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ रोजी, म्हणजे गोंदिया जिल्हा निर्माण झाला त्याच वर्षी, आणि ई टीव्ही मराठी २००० मध्ये आली. 'आभाळमाया', 'वादळवाट' या मालिकांनी मराठी कौटुंबिक नाट्याचा नवा साचा तयार केला. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे भाग तीन हजारांवर गेले. एवढ्या काळात शाळेत नाव घातलेला मुलगा दहावी ओलांडून गेला. विनोदाच्या बाजूने 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका २००१ मध्ये आली. प्रभावळकर यांच्याच 'अनुदिनी' या लेखनावर ती आधारलेली होती आणि चिमणरावाचा सौम्य वारसा तिने पुढे चालविला. हिंदीत ३ जुलै २००० रोजी एकाच दिवशी 'कौन बनेगा करोडपती' व 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाले.

तालुक्याच्या गावी केबल आली तरी आतील खेड्यांत ती नेणे परवडणारे नव्हते. तेथे खरा बदल घडविला तो दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेल्या मोफत उपग्रह सेवेने. बोलीभाषेत तिला 'छत्री' म्हणतात. एकदा छत्री आणि पेटी विकत घेतली की महिन्याचे भाडे नाही. पण या सेवेत हिंदीचे प्राबल्य राहिले आणि लोकप्रिय मराठी वाहिन्या बहुधा पैसे भरूनच पाहाव्या लागल्या. म्हणजे ज्याच्याजवळ महिन्याचे पैसे आहेत त्याला मराठी नाट्य व विनोद, आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याला हिंदी, अशी विभागणी महाराष्ट्रातच झाली. बोर्दिए याचा वर्ग येथे भाषेच्या वेशात पुन्हा भेटतो. शिवाय १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, त्याच वर्षी 'मोर छंइहा भुंइया' या चित्रपटाने छत्तीसगडी पडद्याला नवे बळ दिले. सीमेवरील प्रेक्षकाला मनोरंजनाची आणखी एक भाषा उपलब्ध झाली.

या दशकातील ग्रामीण महाराष्ट्राच्या मालिकादर्शनाचा विचार भारनियमनाविना अपुरा राहील. संध्याकाळचा भाग वीज नसल्याने बुडाला तर दुसऱ्या दिवशीचे पुनःप्रक्षेपण पाहायचे, तेही शेताच्या कामातून जमल्यास. नाट्यप्रधान मालिकेला याचा फटका बसण्याचे कारण उघड आहे, कारण तिचा एक दुवा सुटला की पुढचे कळत नाही. विनोदी प्रहसन मात्र मधूनच लावले तरी चालते. घरातील पुरुष विनोदी कार्यक्रमांकडे व स्त्रिया मालिकांकडे वळतात असे सर्रास म्हटले जाते. त्यात स्वभावापेक्षा वेळापत्रकाचा वाटा किती, हे तपासून पाहण्याजोगे आहे. कर्क जॉन्सन यांनी महाराष्ट्रातील दोन डोंगरी खेड्यांचा अभ्यास करून २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दूरचित्रवाणीमुळे घरातील वेळेची आणि नात्यांची मांडणी कशी बदलते हे दाखविले आहे. अशा प्रकारचा सविस्तर अभ्यास झाडीपट्टीच्या वाट्याला येणे आवश्यक आहे.

विनोदाची बोली

आवडीच्या प्रश्नात सर्वांत जिव्हाळ्याचा आणि काहीसा बोचरा मुद्दा बोलीचा आहे. झाडीबोलीत 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'र' होतो. 'पाणी'चे 'पानी' आणि 'डोळा'चे 'डोरा' होते. झाडीपट्टीच्या नाटकात नायक-नायिका सामान्यतः प्रमाण मराठीत बोलतात आणि विनोदी पात्र बोलीत. म्हणजे बोलीला हसण्याची सवय मुंबईने लावली, असे सरसकट म्हणता येणार नाही. येथील रंगमंचानेही प्रतिष्ठा आणि बोली यांची फारकत केलेली आहे. फरक एवढाच की झाडीपट्टीतील विनोदी पात्राची बोली ही प्रेक्षकांची स्वतःची बोली असते. ते पात्र मालकाला, पाटलाला, शहरातून शिकून आलेल्या जावयाला निरुत्तर करते, तेव्हा प्रेक्षक त्याच्याबरोबर हसतो. पडद्यावर तीच बोली आली की कोण कोणाला हसत आहे, हे तितके स्पष्ट राहत नाही.

'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू होऊन पहिल्या पर्वात २०२४ पर्यंत चालला. त्यात भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोलणारा सरपंच साकारला. विदर्भातील प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्यांची बोली अमरावतीकडची, म्हणजे पश्चिम विदर्भाची. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ती संपूर्ण विदर्भाची वाटते. सालेकशाच्या माणसाला वऱ्हाडी आणि झाडी यांतील अंतर पुरेपूर ठाऊक असते. तरीही राज्याच्या पडद्यावर आपल्या दिशेचे कोणी बोलते आहे, या समाधानापुढे ते अंतर तो बाजूला ठेवतो.

याच्या उलट उदाहरण २०१६ ते २०२१ या काळात चाललेल्या 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेचे आहे. तिची नायिका राधिका नागपूरची आणि तिची बोलीही नागपुरी. नवरा तिला गावंढळ ठरवितो, आणि पुढे तीच मसाल्यांचा उद्योग उभारते. अनिता दाते-केळकर या विदर्भाबाहेरील अभिनेत्रीने ती बोली आत्मसात केली. तिच्या उच्चारांच्या अस्सलपणाविषयी विदर्भात शंका घेता येतील, पण वैदर्भीय बोली रडू शकते, रागावू शकते, घर चालवू शकते, हे या मालिकेने लक्षावधी घरांत दाखविले. मालिका कथानकाच्या दृष्टीने ताणलेली होती, यात संशय नाही. तथापि बोलीच्या इतिहासात तिची नोंद विनोदी कार्यक्रमांपेक्षा वरची करावी लागेल. विनोदाने बोलीला प्रसिद्धी दिली आणि नाट्याने तिला पात्र दिले, असा हा भेद आहे. झाडीबोलीला यांपैकी दुसरे अद्याप लाभलेले नाही.

हंगाम

दूरचित्रवाणीमुळे रात्रीची नाटके बंद पडतील, असे भाकीत अनेकदा केले गेले. ते खरे ठरले नाही. झाडीपट्टीच्या हंगामाला मोठा धक्का बसला तो अन्य दिशेने. अनेक गावांत नाटक हे शंकरपटाला म्हणजे बैलांच्या शर्यतीला जोडलेले असते. दिवसा पट, रात्री नाटक, हा क्रम ठरलेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि गर्दी जमविणारा दिवसाचा कार्यक्रमच गेला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मधल्या काळात करोनाची साथ आली. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखविले. बंद दारांआड तीन पिढ्या एकत्र बसून ते पाहत होत्या, आणि १९८७ मध्ये अंगणात बसलेली मुले आता घरातील वडीलधारी होती.

झाडीपट्टीने दूरचित्रवाणीशी आपल्या पद्धतीने व्यवहार केला. मुंबईचे ओळखीचे चेहरे पाहुणे कलावंत म्हणून बोलाविले जातात, त्यांची छायाचित्रे फलकावर ठळक छापली जातात आणि तिकीटविक्री वाढते. पाहुणा एक-दोन प्रवेश करून निघून जातो. उरलेली रात्र स्थानिक विनोदी नटाला सांभाळावी लागते. या नटवर्गाची दखल उशिरा घेतली गेली. गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. परशुराम खुणे यांनी अनेक दशके झाडीपट्टीला हसविले. लोक त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधीच्या वर्षी, २०२२ मध्ये, 'झॉलीवूड' हा या रंगभूमीवरील मराठी चित्रपट प्रदर्शित झाला होता.

मात्र संहितांचे आणि प्रयोगांचे जतन ही वेगळी बाब आहे. 'रामायण' किंवा 'चिमणराव' यांच्या चित्रफिती संस्थांकडे आहेत, आणि त्यांवर प्रबंध लिहिता येतो. झाडीपट्टीतील विनोदी प्रवेश मात्र बहुधा लिहिलेलेच नसतात. नट ते त्या गावच्या पाटलाची, सरपंचाची, नुकत्याच झालेल्या निवडणुकीची चौकशी करून त्या रात्रीपुरते रचतो. खडी गंमतीतील सवाल-जवाबांचीही तीच गत आहे. सालेकसा, आमगाव आणि देवरी या तीन तालुक्यांत दंडार व खडी गंमत करणाऱ्या वृद्ध शाहिरांचे ध्वनिमुद्रण महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी एकत्र येऊन करावयाचे ठरविल्यास त्यास मोठा निधी लागत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती असलेला भ्रमणध्वनी पुरेसा आहे, आणि मंडईचे दिवस नेमके दिवाळीच्या सुटीत येतात.